पडद्यावर आक्काचा कान

अख्ख्या हैदराबादेत दुसऱ्याचं बोलणं आमच्या साडूभाऊंइतकं कुणालाही कळत नाही, आणि आमच्या साडूभाऊंना ऐकू येत नाही. ही दोन्ही विधानं खरी आहेत. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी एखाद्या संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या बाजारात त्यांच्याबरोबर फिरून बघावं. पलीकडच्या फुटपाथवर, बसगाड्या आणि रिक्षांच्या गर्दीमागे, एखादं जोडपं भांडत असतं. आपल्याला नुसते हातवारे दिसतात. साडूभाऊ थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि सांगतात, "तिच्या माहेरच्या लग्नाला येत नाही म्हणतोय. चूक त्याचीच आहे." भांडण तेलुगूत असो, दख्खनीत असो की मराठीत, त्यांना फरक पडत नाही. ओठ दिसले की झालं. अडचण एवढीच, की स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा त्यांना पत्ता नसतो. त्यामुळे लोकांची गुपितं ते आवाजाशिवाय ऐकतात आणि सगळ्या बाजाराला ऐकू जातील अशी आम्हाला सांगतात. मग ते जोडपंही भांडण विसरून आमच्याकडे बघायला लागतं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय सत्तरीला टेकलेलं, बांधा ठेंगणा, आणि भुवयांत हळद अशी कायमची बसलेली, की नवीन माणसाला वाटावं हे आत्ताच जेजुरीहून आले. मूळ देगलूरकडच्या शेतकरी घरातले. तिकडच्या लोकांना हैदराबाद परगाव वाटतच नाही, त्यामुळे तरुणपणी ते सरळ उठून इथे आले आणि चिक्कडपल्लीच्या एका बोळात मिरची-हळद दळायची गिरणी टाकली. ती गिरणी सुरू झाली की शेजारच्या घरातल्या मांडणीवरची भांडी वाजायची. आत बोलायचं नाही असा तिथला रिवाजच होता. बोलून उपयोग नसायचा, आणि तोंड उघडलं की मिरची घशात जायची. जाड हवं की बारीक हे गिऱ्हाइकानं चिमटीनं सांगायचं, घाई असेल तर मनगटावर बोट आपटायचं. अशा ठिकाणी साडूभाऊंनी उभा जन्म काढला आणि लोकांची तोंडं बघून त्यांच्या मनातलं ओळखायची विद्या मिळवली. बदल्यात गिरणीनं कान घेतले. हे मात्र ते कबूल करत नसत. "मला ऐकू येतं. लोकच नीट बोलत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या मते माणसांचे दोन प्रकार. एक मिशीवाले आणि दुसरे बोलणारे. दुर्दैवानं मी पहिल्या प्रकारातला. आमच्या घराण्यात मिशी वरचा ओठ ओलांडून खाली उतरते आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून साडूभाऊ माझ्या बरोबर समोर बसले होते. मी नोकरीविषयी, शिक्षणाविषयी, अगदी हवापाण्याविषयीसुद्धा अदबीनं बोललो. आम्ही निघाल्यावर सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "मुलगा कसा वाटला?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "मुलाचं काही कळत नाही." झालं! सासरे घाबरले. माझ्या ऑफिसात, घरमालकाकडे, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे चौकशा सुरू झाल्या. मी दारू पितो का, माझं आधी कुठे जमलं होतं का, इथपर्यंत मजल गेली. आमचं लग्न त्यापायी बरंच लांबलं, आणि हे सगळं मिशीमुळे झालं हा खुलासा लग्नानंतर झाला. तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मी दोन बोटांनी मिशी वर उचलून धरतो. माझी बायको म्हणते, "तुम्ही दाजींशी बोलता तेव्हा बाजारात घोड्याचे दात दाखवावेत तसं दिसतं." पण काय करणार? मिशी ठेवायची होती आणि साडूही.

टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज बंद करून बघत. आवाजानं लक्ष विचलित होतं म्हणे. दुसऱ्या भाषेतून हिंदीत आणलेला सिनेमा लागला, की दोन मिनिटांत उठायचे, कारण पडद्यावरच्या माणसाचे ओठ एक बोलतात आणि घरातली बाकीची माणसं दुसऱ्याच गोष्टीला हसतात. "हा हिरो खोटारडा आहे," एवढाच त्यांचा अभिप्राय असे. लग्नाकार्यात आम्ही त्यांना मुद्दाम व्याह्यांच्या समोर बसवत असू. फंक्शन हॉलच्या त्या टोकाला वरमाई जावेच्या कानाशी लागली की इकडून साडूभाऊंची खड्या आवाजात बातमी यायची, "बासुंदी पातळ आहे म्हणतात!" करोनाच्या दिवसांत मात्र त्यांचे फार हाल झाले. सगळं शहर तोंडाला पट्टी बांधून आलं. दूधवाला, डॉक्टर, बँकेतली मुलगी, कुणाचंच काही कळेना. तेव्हा मला म्हणाले होते, "साडू, सगळ्यांनीच तुमच्यासारख्या मिशा ठेवल्या." हसले होते, पण त्या दिवसांत ते गिरणीच्या पायरीवर एकटेच बसून राहत.

पुण्याच्या मुलीनं त्यांना कानात घालायचं यंत्र पाठवलं होतं. ते त्यांनी एक दिवस घातलं. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मग दिवसभर माझ्या मेव्हणीकडे, म्हणजे ताईंकडे, टक लावून बघत बसले. संध्याकाळी मला विचारलं, "ही स्वयंपाक करताना इतकी वर्षं एकटीच बोलत होती?" दुसऱ्या दिवशी देगलूरची बस पकडायची होती. बसमध्ये चढताना यंत्र त्यांच्या कानात नव्हतं आणि पुन्हा ते कुणाला दिसलंही नाही. आम्ही हा त्यांचा विक्षिप्तपणा समजलो. घरात त्यांच्या विक्षिप्तपणाची रास एवढी मोठी होती, की त्यात आणखी एक पडल्याचं कुणाला जाणवलं नाही.

देगलूरची बस ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. तिकडे गावी त्यांची थोरली बहीण असते. तिला ते आक्का म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच आक्का म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा आक्का स्वतःच परकर-पोलक्यातली पोर. तिनं त्यांना वाढवलं. आता ती ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण तोंड पहिल्यासारखं तडतडतं. दर महिन्याला साडूभाऊ बसनं जात, ओसरीवर तिच्यासमोर बसत, ती बोलत राही आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहत. गावात कोण मेलं, कोणती म्हैस आटली, सून कशी नीट बोलत नाही, बापानं शेवटच्या दिवसांत काय खायला मागितलं होतं, असं सगळं. ते पोटभर ऐकून ते परत येत आणि पुढचे आठ दिवस खुशीत असत. मग एक दिवस ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, गिरणी बंद झाली. डॉक्टरांनी बसचा प्रवास कायमचा बंद सांगितला. त्यांनी गिरणीचं दुःख केलं नाही. बसचं मात्र केलं. ताई म्हणाल्या, "भावजी, ह्यांना एक फोन घेऊन द्या. बहिणीशी बोलणं होईना तसं जेवण जाईना ह्यांना."

ऐकायला न येणाऱ्या माणसासाठी फोन निवडायचा म्हणजे काय, याचा मी चांगला अभ्यास केला. ऑफिसातल्या पोरांना विचारलं, माहिती वाचली आणि तयारीनिशी त्यांना कोठी भागातल्या बाजारात घेऊन गेलो. दुकानदार भला माणूस होता. "आओ चाचा, कैसा होना बोलो," म्हणजे कसा हवा ते विचारत त्यानं स्टूल दिलं. साडूभाऊ त्याच्या गालातल्या पानाकडे बघून म्हणाले, "पैले थूक, फिर बोल." तोही बिचारा बाहेर जाऊन थुंकून आला. मग त्यानं खास वयस्कांसाठीचा फोन काढला. भले मोठे आकडे, घंटी वाजली की लखलखणारा दिवा, आणि आवाज असा, "के बाजूवालेकोबी उठ के बैठना चाचा!" साडूभाऊंनी तो बोटानंच बाजूला सरकवला. दुसरा कानातल्या यंत्राशी जोडता येणारा. तोही सरकवला. तिसऱ्यात एक युक्ती होती, की समोरचा बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटायचं. दुकानदाराच्या बोलण्यातलं निम्मं तरी ठीक उमटलं. मग साडूभाऊ त्याच्यात आक्काच्या बोलीत म्हणाले, "काय करलालास रे बाळ्या?" फोन विचार करत राहिला आणि पडदा कोराच राहिला. "बघा, ह्याला आक्का कळत नाही," ते म्हणाले. "मला आवाजच नक्को. तस्वीर होना. तोंड साफ दिसणारा द्या."

आता तोंड कोणत्या फोनात साफ दिसतं हे ठरवायला परीक्षा घेणं आलं. एक फोन त्यांच्या हातात, दुसरा माझ्या, आणि मला त्यांनी रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर पिटाळलं. तिथे भर गर्दीत उभं राहून, एका हातात फोन धरून, दुसऱ्या हातानं मिशी वर करून, आवाज न करता मी म्हणायचं, "आज घरी भेंडीची भाजी आहे," आणि त्यांनी पलीकडून ओळखायचं. एका फोनात त्यांना माझं तोंड अडकत अडकत दिसलं. "ह्याच्यात माणूस चघळून बोलतो," म्हणून तो बाद झाला. दुसऱ्यात माझा रंग फार गोरा दिसला. तोही बाद, कारण जो फोन रंगात खोटं बोलतो त्याच्या बाकीच्या बोलण्याचा काय भरवसा? प्रत्येक फोनला मी तीच भेंडी म्हणत होतो. शेवटी स्टॉपवरच्या एका म्हाताऱ्या बाईला राहवेना. तिनं कळवळून विचारलं, "एमैंदि सार, पंटि नोप्पा?" म्हणजे, काय झालं साहेब, दात दुखतोय का. मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

अखेर मोठ्या पडद्याचा एक फोन पसंत पडला आणि आम्ही चहाला बसलो. मी जरा घुश्श्यातच होतो. मिशी उचलून मी त्यांना म्हणालो, "एवढा आटापिटा कशाला? आक्कांना सरळ सांगा ना, मला ऐकू येत नाही, सुनेला निरोप लिहायला लाव." साडूभाऊंनी कप खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. "तिला माहीत नाही," ते म्हणाले. "आणि कळताही कामा नये."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी एका दुपारी ते आक्काला न सांगता विहिरीत उतरले होते. पायऱ्या शेवाळलेल्या. आक्का गावभर शोधून शेवटी तिथे आली, त्यांना वर ओढून काढलं, आणि भीतीपोटी कानाखाली एक ठेवून दिली. मग पोटाशी धरून रडत बसली. पुढे कितीतरी दिवस तो कान वाहत होता. ती तेलात लसूण कडकडवून ते कोमट थेंब कानात सोडायची आणि पुन्हा रडायची. कान वाहायचा थांबला तेव्हा तिला वाटलं, बरा झाला. "डावा कान तेव्हाच गेला, साडू. उजवा गिरणीनं नेला. मी तेव्हापासून तिच्या डाव्या हाताला बसायचो, म्हणजे चांगला कान तिच्याकडं. पुढं तोही गेला तर समोर बसायला लागलो. तिच्या ध्यानात आलं नाही. आता ऐंशीच्या घरात तिला कळलं, तर ती दुसऱ्या कशालाच दोष देणार नाही. त्या एका थापडीला धरून बसेल आणि तशीच जाईल." मग नेहमीच्या आवाजात, अख्ख्या हॉटेलला दचकवत, त्यांनी बिस्किटं मागवली. कानातलं यंत्र बसच्या दिवशी का नाहीसं झालं ते मला तेव्हा समजलं.

फोन घरी आला. पहिल्या दिवशी आम्ही सगळे जमलो. पलीकडे आक्काच्या सुनेकडे तसाच फोन होता. घंटी गेली, पडदा उजळला आणि आक्काचं सुरकुतलेलं, हसरं तोंड एवढं स्वच्छ दिसलं, की साडूभाऊंनी माझी पाठ थोपटली. आक्का म्हणाली, "जेवलास का रे बाळ्या?" आणि एवढं बोलून तिनं फोन कानाला लावला. पडदाभर कान! लोंबलेली पाळी, तिच्यात सोन्याचा झुबा, वर पांढऱ्या केसांची बट. आत आक्का भरभरून बोलत होती आणि झुबा हलत होता. साडूभाऊ ओरडले, "आक्का, फोन तोंडासमोर धर! मला तुझं तोंड बघायचंय!" तिनं क्षणभर फोन समोर धरला. "काय बघतोस म्हातारीचं तोंड?" म्हणाली आणि पुन्हा कानाला लावला. सुनेनं शिकवलं, नातीनं शिकवलं. ती ऐकायची, समोर धरायची, हवापाण्याची दोन वाक्यं बोलायची. पण मनातलं काही सांगायचं झालं की हात आपोआप कानाकडे जायचा. जिव्हाळ्याचं बोलणं कानाशी करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाला विसरायला लावता येईना. त्यामुळे साडूभाऊंना जेवणखाण समोरून कळे आणि सुखदुःखाच्या वेळी नुसता कान दिसे.

मग त्यांनी आपली पद्धत बसवली. झुबा हलतोय तोवर आक्का बोलतेय. झुबा थांबला की आपली पाळी. तेव्हा नुसतं हो म्हणायचं, "हौ आक्का." ताईंना त्यांनी फोनच्या मागे बसवलं. त्यांनी ऐकायचं आणि आवाज न करता ओठांनी सांगायचं. पण नणंद-भावजयीची जुनी तेढ. आक्का दहा मिनिटं बोलली, की ताई सांगायच्या, "बरं चाललंय म्हणतात." त्यात आक्कानं त्यांच्याविषयी काही म्हटलं असेल, तर तेवढंही उरत नसे. एकदा तिकडे गाभण गाय दगावली. आक्का रडत सांगत होती. ताई नेमक्या दूध उतू जातंय म्हणून उठल्या. झुबा थांबला. साडूभाऊ मोठ्यानं म्हणाले, "हौ आक्का, बरं झालं." आम्ही पुढे ही गोष्ट घरोघर सांगून हसलो. आक्का हसली नसणार. ती तोंडानं तडतडी आहे तशी डोक्यानंही तल्लख आहे, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

एका रविवारी मी सहज गेलो होतो. ताई भाजीला निघाल्या होत्या. जाताजाता त्यांनी माझ्या एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात चिवड्याची बशी दिली आणि म्हणाल्या, "भावजी, आक्कांचा फोन येईल. आज तुम्ही सांगा ह्यांना." फोन आला. साडूभाऊंनी तो डब्याला टेकवून उभा केला. आक्का आधी समोरून बोलली, पाऊस नाही, गुडघे दुखतात. मग तिनं इकडेतिकडे बघितलं आणि फोन कानाला लावला. आवाज खाली आला, पण मला स्वच्छ ऐकू येत होता. "बाळ्या, एक इचारते. खरं सांग. तुला ऐकायला येईना ना रे? मला कळलंय. त्या विहिरीच्या दिवशी मी तुला कानाखाली मारलं, त्याच्यानंच गेला ना रे तुझा कान?"

झुबा थांबला.

साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या दोन्ही हातांत चहा-चिवडा. मी जिवाच्या आकांतानं, पण आक्काला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज न करता, मिशीच्या आड ओरडलो, "नाही म्हणा, नाही म्हणा!" त्यांना फक्त मिशी हलताना दिसली. पलीकडे आक्का वाट बघत होती. त्यांनी प्रेमानं, हसून, नेहमीसारखं म्हटलं, "हौ आक्का. हौ, हौ."

कान पडद्यावर तसाच राहिला. झुबा अजिबात हलला नाही. मग आक्का म्हणाली, "बरं. जेव आता," आणि फोन बंद झाला. मी बशी कुठे टाकली ते मला आठवत नाही. दोन्ही हातांनी मिशी वर ओढून मी त्यांना सांगितलं, आक्कांनी काय विचारलं ते. साडूभाऊ अंधारलेल्या पडद्याकडे तोंड करून ओरडायला लागले, "नाही आक्का! नाही, नाही! गिरणीनं, गिरणीनं!" मी फोन पुन्हा लावून दिला. सुनेनं उचलला. "आत्याबाई देवापाशी बसल्यात. बोलायचं नाही म्हणतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारता आम्ही बसनं निघालो. रस्ताभर खड्ड्यागणिक ते खुबा दाबून धरत होते आणि काय सांगायचं त्याची तालीम करत होते. गिरणीचा आवाज कसा होता, शेजारची भांडी कशी वाजायची, डॉक्टर काय म्हणाले. आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सुपातले हात थांबवले. साडूभाऊ काठी टाकून तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं बोलले. तुझा काही संबंध नाही आक्का, डावा कान चांगला होता आक्का, देवाशपथ आक्का. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मान हलवत होती. "हौ बाळ्या," ती म्हणत होती. "हौ, हौ." त्या हौचा अर्थ जगात साडूभाऊंपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? ते बोलता बोलता थांबले. आक्कानं हात पुढे करून त्यांच्या डाव्या कानावरून एकदाच फिरवला, आणि मग सुनेला चहा टाकायला सांगितलं.

परत आल्यावर मी मिशी काढून टाकली. माझ्या बायकोनं ओळखीचा माणूस हरवल्यासारखं तोंड केलं. ऑफिसात पोरं हसली. साडूभाऊंनी बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता मी समोर बसून साधं बोललो तरी त्यांना सगळं कळतं. पण आम्ही दोघंही पूर्वीपेक्षा कमीच बोलतो.

आक्काचा फोन मात्र रोज संध्याकाळी येतो. आता ती फोन बरोबर तोंडासमोर धरते. हात लांब करून, दिव्याच्या उजेडात बसून, एकेक शब्द ओठांनी सुटा करून बोलते. ताईंना मागे बसावं लागत नाही. साडूभाऊंना प्रत्येक अक्षर दिसतं. "जेवलास का? गोळी घेतलीस का? पाय कसाय?" एवढं विचारते आणि "बरं, ठेवते" म्हणते. सुनेविषयी नाही, बापाविषयी नाही, जुनं काही नाही. मनातलं सांगायला तिनं पुन्हा फोन कानाला लावलेलाच नाही.

परवा मी गेलो तेव्हा तिचा फोन नुकताच होऊन गेला होता. साडूभाऊ फोन पुसत बसले होते. मला बघून म्हणाले, "फोन चांगला निवडला आपण. सगळं साफ दिसतं." मी मान हलवली. त्यांनी फोन डब्याला टेकवून ठेवला. मग आवाज किती मोठा होतोय याचा विचार न करता, पार बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "साडू, तुम्ही एकदा फोन करून तिला सांगा. म्हणावं, पूर्वीसारखा कानाला लाव. म्हणावं, तो ऐकतोय."